मधल्या कमानीखाली

२ एप्रिल १९५६
मशिदीची मधली कमान गेल्या श्रावणात पडली होती, ती अखेर उभी राहिली. खाली लाकडी साचा आहे म्हणून उभी. तिच्यावरचा फारसी लेख गावात मी एकटा वाचतो, बाकीचे नुसत्या माना डोलावतात. बांधवणाऱ्या सरदाराचं नाव आहे त्यात, गवंड्याचं नाही. कमान बांधणाऱ्या सुखदेव मिस्त्रीला मुद्दाम वाचून दाखवलं. पूर्वज इथे खपले म्हणून फार ऐट मिरवतो. तोंड एवढंसं झालं. बरं वाटलं.

९ एप्रिल
बैलाच्या घाणीत चुना मळणं चालू. त्यात गूळ, बेलाचं पाणी. भर लोकांत विचारलं, गूळ चुन्यात जातो की पोटात? सगळे हसले. सुखदेवनं जीभ बाहेर काढून दाखवली. साठीचा माणूस! जेवताना आठवून पुन्हा हसू आलं.

२० एप्रिल
चुलतभाऊ हमीद म्हणतो, ईदेपर्यंत कमान मोकळी नाही झाली तर मुतवल्लीपद सोडा. मशिदीचा कारभार वडिलांनंतर माझ्याकडे, याच्या डोळ्यांत खुपतो. जाहीर केलं, ईदेआधीच्या शुक्रवारी, जुम्याला, साचा निघेल.
सुखदेव : "मालक, चुना आतून ओला हाय. एक महिना द्या. नाही तं कमान खाली येईन."
साचा निघताना बांधणाऱ्यानं कमानीखाली बसायचं, ही यांची रीत. म्हटलं, मग बस तू खाली, आणि बायकोला जवळ उभी कर, बांगड्या फोडायला.
कोणी हसलं नाही. भित्रे लेकाचे.

४ मे
नमाजानंतर सगळे जमले असताना सुखदेव आला.
"बसतो ना मालक. माहा बापबी बसला होता. पन दिवस ज्यानं ठरवला, त्यालेबी सोबत बसा लागते. मिस्त्रीनं ठरवला असता तं मिस्त्री एकटा बसते."
असलं काही मी ऐकलेलं नाही. म्हाताऱ्या पेशइमामांनी मात्र मान हलवली, खरं आहे म्हणून. हमीद माझ्याकडेच बघत होता. म्हणालो, बसेन.

७ मे
कोणी नाही पाहून सांध्यात खिळा टोचला. आरामात आत गेला.
बेगम म्हणते, ताप आल्याचं सांगा. हमीदला तेवढंच हवंय.

१० मे
सुखदेवला घरी बोलावलं. म्हटलं, चारचौघांत तूच महिना माग, मी देतो.
"म्या तं मांगतला होता, मालक. आता तुमी मांगा."
दारात थांबला. वळून जीभ बाहेर काढून दाखवली, अगदी त्या दिवशीसारखी. गेला.
मारायला हवं होतं. हात उचललाच नाही.

११ मे, जुमा
हमीद सकाळपासून मशिदीच्या अंगणात, खिडकीतून दिसतोय. सुतार हातोडा घेऊन तयार. कमानीखाली दोन पोती अंथरली आहेत, एकावर सुखदेव बसलाय. त्याची बायको आली आहे. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून.
'थांबा' एवढं म्हटलं तरी दोघंही वाचतो. मग उद्या ईदेला मशिदीच्या किल्ल्या हमीदच्या कमरेला.
भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही.
दुसऱ्यांदा बोलावणं आलं. अचकन घातली. तोंड कोरडं पडलंय, रोजा आहे म्हणून असेल.