वानखेडेची नदी

रविवार, रिसाली. संध्याकाळ.

आज हॉलमध्ये खेळण्यातल्या छोट्या शिपायांच्या लढायांचं प्रदर्शन होतं. माझं टेबल दाराजवळच, तरी सारी गर्दी वानखेडेच्या टेबलाभोवती. कावून? शिपाई माझे जास्त, रंगकाम माझं बारीक, डोंगर स्टील प्लांटच्या भट्टीतल्या खऱ्या मळीचे, स्लॅगचे. त्याच्याजवळ काय, तर एक नदी. गोंद अन् वार्निशची!

शिवाय येईल त्याच्या हातात फासे देत होता. "टाका काकू, पाहू तुमची फौज नदी पार करते का." काकू खुश. मी इकडे "हात लावू नका" असा बोर्ड लावून एकटाच दोन्ही फौजा चालवून राहिलो होतो. आमची हीसुद्धा तिकडेच. "त्याची नदी पाहिली का तुम्ही?" म्हणे.

तो चहाले गेला तेव्हा त्याच्या टेबलाजवळ गेलो. वार्निशच आहे, मले माहीत होतं. तरी बोट लावलं. कडक, कोरडं.

"भाऊ, ओलं लागलं का?" मागून वानखेडे.

तेव्हा समजलं, मी बोट पँटले पुसून राहिलो होतो. हसला लेकाचा.

नदी माझ्याही टेबलावर आहे, निळ्या कागदाची. बोर्ड नसता तरी तिले कोणी हात लावला नसता.