घडीवाल्याचं एकच गिऱ्हाईक

१२ जून २००८

डबा घेऊन दुकानात गेले तर हे हात मांडीवर ठेवून बसलेले. आयग्लासचं भिंग डोळ्यावर तसंच. समोर गार्डसाहेबांचं घड्याळ उघडं. गार्डसाहेब रेल्वेतून रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण घड्याळ अजून गाडी सुटणार असल्यासारखं लावतात.

हे म्हणाले, "कमान न उतरवता पॅलेट काढलो."

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. चावी दिली की आतली कमान आवळून बसते, सुटायला टपलेली असते. पॅलेट म्हणजे दोन लाल खड्यांचा इवलासा तुकडा, तो चाकाचा एका वेळी एकच दात सोडतो. म्हणून खोलताना आधी कमान हळूहळू सैल करायची, मगच पॅलेटला चिमटा लावायचा. नाहीतर सगळी चाकं एकदम खर्रकन फिरतात आणि त्यांची केसाएवढी टोकं मोडतात. शिकायला आलेल्या किती जणांना यांनी यावरून रडवलं. मला स्वयंपाकघरातही तेच, आधी वाफ जाऊ दे, मग कुकरचं झाकण काढ.

होतं कधी कधी, म्हटलं. तर म्हणे कोणाचंही होईल, माझं होत नाही. डबा तसाच परत आणला.

१९ जून

गार्डसाहेब येऊन गेले. यांनी काही न लपवता सांगितलं. ते म्हणाले, "भैया, इतने साल आपने ही चलाया. एक बार रुक गई तो क्या हुआ."

मग यांची कळी खुलली. चहा मागवला. टिकटिक कशाची असते ते हिंदीत समजावत बसले. चाकाचा दात येऊन खड्यावर आपटतो, अडतो, त्याचा तो आवाज. म्हणजे आपण ऐकतो ते घड्याळ चालल्याचं नाही, अडल्याचं. मी हे लग्नाच्या वर्षापासून ऐकतेय, पण आज बरं वाटलं. माणूस ठणठणीत आहे. बदलीचं चाक मिळालं की घड्याळ होईल दुरुस्त.

५ नोव्हेंबर

दवनीवाड्याहून भावाचा फोन, धान कापणीला आलंय, चार दिवस ये. कशी जाणार.

सालेकशाहून एक माणूस आपलं घड्याळ मागायला आला होता. हे शोधून राहिले, शोधून राहिले. शेवटी मी टेबलाजवळ गेले. प्रत्येक घड्याळाचे सुटे भाग वेगळ्या काचेखाली, हा यांचा कडक नियम. आज एकाच काचेखाली तीन घड्याळांचे भाग, तीन घरची भांडी एका घंगाळात पडल्यासारखे.

"हे कोनं केलं?" मला विचारतात. दुकानात दोघांशिवाय कोणी नाही.

मी त्या माणसाला म्हटलं, सामान नागपूरहून यायचंय, पुढच्या हप्त्यात या. शाळेत होते तेव्हा वर्गात खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं करणारी मी.

२२ जानेवारी २००९

नागपूर. लेक मंदाने डॉक्टरांची वेळ घेतली होती. पोरगी रजा टाकून सोबत.

डॉक्टर सज्जन. कोरा कागद दिला, म्हणाले, काका, घड्याळ काढा बरं. हे एकदम खूश. पेन्सिलीला टोक करून मागितलं. आणि काढलं काय, तर घड्याळाचं पोट. कमानीचा डबा, मधलं चाक, तिसरं, चौथं, मग पॅलेट, वर बॅलन्स. कोणता दात कुठे अडतो तेही. डॉक्टर बघत राहिले, म्हणाले असं चित्र त्यांना आजवर कोणी दिलं नव्हतं. मी नको तेवढी सुखावले.

मग ते म्हणाले, आता वरची तबकडी काढा, आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.

यांनी गोल काढला. सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने. डावी बाजू कोरी. काटे नाहीतच. आणि झालं म्हणून कागद पुढे केला, चेहऱ्यावर तेच समाधान.

मंदा खाली बघत होती. मी पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले आणि तिथे भिंतीकडे तोंड करून रडले. आजाराचं नाव डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आहे. इथे लिहीत नाही.

१५ मार्च

दुकान सोडलं. टेबल, काचा, चिमटे, पेचकस, सगळं हातगाड्यावर घरी आणलं. समोरच्या खोलीत, खिडकीजवळ मांडलं. हे गाड्याच्या मागे मागे चालत आले, एका हाताने टेबल धरून.

६ एप्रिल

अंघोळ, नाश्ता, शर्ट इन करून टेबलाशी. काम मागतात.

जुन्या घड्याळांचा एक डबा आहे, लोकांनी नेलीच नाहीत अशी. सेलवाली आल्यापासून चावीची कोण न्यायला येतं. त्यातलं एक काढून दिलं, म्हटलं गिऱ्हाईक देऊन गेलं. यांनी कानाला लावलं. मागचं झाकण काढलं. कमान उतरवली. आधी कमान, मग पॅलेट. पेट्रोलमध्ये धुतलं, सुकवलं, तेल दिलं, जोडलं. चालू झालं.

आज काय वार हे यांना सांगता येत नाही. नातवाचं नाव येत नाही. आणि हातांना सगळं येतं. ही कुठली पद्धत झाली देवाची.

९ एप्रिल

घड्याळ पुडीत बांधून ठेवलंय. गिऱ्हाईक आलं नाही काऊन, हे दिवसभर. दारात जाऊन बघतात. जेवण नाही. मी म्हटलं द्या माझ्याकडे, मी पोचवते. तर डोळे वटारले, "ज्याची घडी त्याच्याच हातात देत असतो."

१० एप्रिल

मागच्या दाराने निघाले. बोळातून वळसा घालून समोरच्या दारात. वाटलं, हसतील. किंवा नेहमीसारखं, काऊन वो मास्तरीन, तमाशा करून राहिली. मी तर शिव्या खायच्या तयारीनेच गेले होते.

हे उठून उभे राहिले.

"या जी बाई. बसा."

आधी वाटलं, नाटकात नाटक करतायत. मी हसलेसुद्धा. मग डोळे पाहिले. गिऱ्हाइकाकडे बघायचे डोळे होते ते.

पुडी दिली, घड्याळ कसं वापरायचं ते सांगितलं, दारापर्यंत सोडायला आले. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी बसा म्हटलं नव्हतं.

पुन्हा बोळातून मागच्या दाराने आत. भात करपला होता.

११ एप्रिल

स्वयंपाकघरात गेले की मी मी असते. भाजीला मीठ कमी असं हे मला बोलले आज. समोरून आले की बाई. हे काय आहे कळत नाही. दुखायचं तेवढं दुखतं.

२ ऑगस्ट

आता रोजचं झालंय. सकाळी एक घड्याळ देते, दुपारी गिऱ्हाईक होऊन न्यायला जाते, दुसऱ्या दिवशी डब्यातलं दुसरं, सगळी संपली की बंद पडलेली तीच पुन्हा. चपला बदलते, डोक्यावरून पदर घेते. शेजारणीने एकदा बोळात पाहिलं. काय झालं विचारलं. पाय मोकळे करते म्हटलं.

आज मी बसले तर हे आपण होऊन बोलायला लागले. घरवाली मास्तरीन आहे, आता शाळेतून येईल. तिचा आवाज मोठा. मी म्हटलं, त्रास होत असेल तुम्हाला. तर म्हणाले, "नाही जी. सकारी तिनं दोन शब्द सुनावल्याबिगर मी दुकानात जात नाही. चप्पल घालून उभा राहतो दारात. ती बोलली का निघतो."

मला वाटायचं चप्पल सापडत नाही म्हणून उभे राहतात. आणि मी त्यावरूनही ओरडायची.

ते दुसऱ्या बाईला सांगितलं. मला कधी नाही. मी त्या बाईचा मत्सर करत घरी आले, म्हणजे स्वयंपाकघरात आले.

२० ऑगस्ट

बॅलन्स म्हणजे काय, विचारलं मुद्दाम. बोलते ठेवावं म्हणून. म्हणाले, ते चाक एकीकडे पळत जातं, बालकमान त्याला ओढून आणते, मग ते दुसरीकडे पळतं, पुन्हा आणते. केसाहून बारीक, पण सगळं घड्याळ तिच्या भरवशावर. कमान जोर देते, वेळ बालकमान राखते.

तुम्हाला ओढून आणणारी अशी कोणती असती तर. नाही आणता येत मला.

१८ ऑक्टोबर, दिवाळी

मंदा आली, नातवाला घेऊन. यांनी तिला पायरीवरच ओळखलं. "मंदा आली!" डोक्यावरून हात फिरवला. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी. तिला विचारतात, "तुझी माय कुठं गेली?"

मंदाने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे ठेवला.

दुपारी तिने मला समोरच्या दाराने येताना पकडलं. फार चिडली. हा काय खेळ लावला आहेस, बाबाच्या डोक्यातला गोंधळ तू वाढवतेस, रोज समोर बसून मी तुमची बायको असं सांगायला पाहिजे. म्हटलं, सांगून पाहिलंय. त्या दिवशी हे घाबरून खोलीत जाऊन बसले, संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

"मंग तू काय आयुष्यभर गिऱ्हाईक राहशील?"

नागपूरला चला दोघं, हा तिचा धोशा. टेबल नेता येणार नाही. फ्लॅट लहान, पेट्रोल घरात नको, लेकरू आहे. तिचंही खरं आहे. पण टेबल काढून घेतलं तर यांचं उरतं काय. मी नाही म्हटलं आणि मग उगाच तिच्या करंज्यांना नावं ठेवली.

११ जुलै २०१०

हात.

आज बालकमान चिमट्यात अडकली, ओढली गेली. वेटोळी एकमेकांत गुंतली. हे बराच वेळ आयग्लास लावून तिच्याकडे बघत होते. मग काच झाकली आणि म्हणाले ऊन उतरलं की करतो. बाहेर आभाळ भरलेलं.

२९ जुलै

आणखी एक गेलं. डब्यातली धड घड्याळं संपत आली. ज्यांची बालकमान मोडली ती लपवते. खुरपी, विळे ठेवते त्या पेटीत. ही शेवटची दोन गेली की सकाळी टेबलावर काय ठेवू. दुसरं काही सुचत नाही. देवापुढे बसले तरी तेच.

८ सप्टेंबर

आज टेबल रिकामं. हे सकाळपासून नुसते पेचकस पुसतायत.

गार्डसाहेब बोदलकसा तलावाचे मासे घेऊन आले. त्यांना सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. त्यांनी हातातलं घड्याळ काढून दिलं. तेच, मागे यांनी चाक बदलून चालू केलेलं. म्हटलं मोडेल हो. म्हणाले, "अब मुझे कौन सी गाड़ी छोड़नी है, भाभी."

मी ते समोरच्या दाराने घेऊन गेले. यांनी कानाला लावलं, ऐकलं, हातात परत दिलं. "चालू घडी मी खोलत नाही जी. चांगल्या घडीले कायले हात लावाचा?"

मोठे तत्त्वाचे. राग आला. बाबा रे, खोल ना एकदा, माझ्यासाठी.

११ सप्टेंबर

सुचलं. गार्डसाहेबांच्या घड्याळाला चावी दिलीच नाही. पडू दिलं तसंच, आपोआप बंद पडेपर्यंत. मग समोरून गेले, म्हटलं बंद पडलंय.

यांनी कानाला लावलं. हलवलं. मग चावी फिरवायचं डोकं दोन बोटांत धरलं आणि चावी दिली, हळू, शेवटाशी आणखी हळू, कमान भरल्याचं बोटांना कळलं तिथे थांबले. पुन्हा कानाला. माझ्याही कानाशी धरलं.

"काही झालं नोहोतं बाई. चावी द्याची राहिली."

बोटं चुकली नाहीत. मला दारापर्यंत सोडलं आणि नंतर पोटभर जेवले, वांग्याचा रस्सा दोनदा घेतला.

३० ऑक्टोबर

रोज बंद घड्याळ घेऊन जाते. रोज चावी देतात. एवढंच काम उरलंय आणि ते यांना पुरतं. मला पुरतं का, ते कोणी विचारत नाही आणि मीही विचारत नाही.

आज आतल्या खोलीत मला पाहून दचकले. "बाई, दुकान समोर आहे जी." आदबीने म्हणाले. म्हणजे आता स्वयंपाकघरातली मीही गेले.

१४ जानेवारी २०११

तिळगुळ हातावर ठेवला. गिऱ्हाइकाने ठेवला म्हणून घेतला, कपाळाला लावला.

मंदाचा फोन. रविवारी गाडी घेऊन येते, सामान बांध, या वेळी नाही ऐकणार नाही. माझं बीपी, माझं वय, पडलीस तर दोघांना कोण बघणार. रडत होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

१५ जानेवारी

अर्धी पेटी भरली. यांचे स्वेटर, माझ्या दोन साड्या. टेबलाला हात लावला नाही.

वेळ झाली तशी मागच्या दाराने निघाले. बोळात जरा थांबावं लागलं, धाप लागते हल्ली. समोरून गेले. या जी, बसा. बसले. घड्याळ दिलं. यांनी कानाला लावलं, डोकं धरलं, चावी द्यायला लागले, आणि मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी असं नीट पाहिलं. मला वाटलं, आता. आता ओळखतील.

"बाई, एक विचारू का. ही घडी सारखी बंद पडते तुमची. घरी चावी द्याले कोनी नाही का?"

मी नुसती मान हलवली. हो की नाही, मलाच माहीत नाही.

यांनी चावी पूर्ण दिली. घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं, वरून बोटं मिटवली.

"तं मंग रोज घेऊन येजा जी. मी आहो ना."

हो जी, म्हटलं. मंदाला अजून काही कळवलं नाही.