विरघळणारं पातं

३ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा आता बरा आहे. जिभेला तर कधी काही झालंच नव्हतं. इकडे जुन्या पवनचक्कीची पाती उतरवली आणि करवतीने कापून टेकडीमागच्या खड्ड्यात पुरली. दुसरं करणार काय? त्यातले काचेचे धागे नि त्यांना चिकटवणारी राळ एकदा घट्ट बसले की जन्मात सुटत नाहीत. दोरावर लटकून त्यांच्या भेगा मीच बुजवत आलो होतो. मातीखाली जाताना पाहवेना.

आता तिथे तुमच्या कारखान्याची नवी पाती बसलीत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आलीय. त्यातली, पातं निकामी झालं की विरघळवता येणारी राळ तू बनवलीस हे कळल्यापासून माझा जोडीदार चिडवतो, की बहिणीने भावाला साखरेचं पातं पाठवलंय, पाऊस आला की पळ. मी हसतो. पण खरं सांग चिमे, जी वस्तू विरघळावी म्हणूनच केली, तिच्यावर पाय टेकवून मी उभा राहू ना? आईला यातलं काही बोललेलो नाही.

उत्तर लवकर टाक.
तुझा दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस ते बरं केलंस. ही राळ सुटते ती फक्त गरम केलेल्या सौम्य आम्लात कित्येक तास बुडवली तर. पाऊस, खारा वारा, पक्ष्यांची विष्ठा, कशाला दाद देत नाही. वाकवून, भिजवून, गोठवून पाहिलंय. तू निर्धास्त उभा राहा.

माझा जीव टांगलाय तो उलट कारणाने: वेळ आल्यावर ती सुटेल का? पातळ तुकडे छान सुटतात. पात्याच्या बुडाचा जाड तुकडा मात्र आम्लाच्या टाकीतून अर्धाकच्चा निघाला. बाहेर लगदा, आत दगड. आमचे साहेब म्हणाले की असंच राहिलं तर आपलीही पाती पुरायलाच जातील, मग नवं काय केलं? पुरं पातं कापून पाहायला हवं, पण चांगलं पातं मला कोण देणार?

आईला नमस्कार. माझ्यावरचा विश्वास डळमळू देऊ नकोस.
तुझी चिमी

२९ मे

चि. चिमीस,
अ. उ. आशीर्वाद.

आधी हे वाच: मी धडधाकट आहे. परवा पात्यावर काम करताना वादळ अचानक आलं. उतरताना माझा दोर अर्ध्यावर अडकला आणि पाऊस कोसळला. जोडीदार दोर सोडवेपर्यंत मी पात्याला मिठी मारून होतो. ते थरथरलं, कण्हलं, पण त्याने दगा दिला नाही. मी खाली येऊन गाडीत बसलो, काच वर केली, आणि वीज नेमकी त्याच पात्यावर पडली. टोकापासून मध्यापर्यंत उभं फाटलंय, दुरुस्तीपलीकडे गेलंय.

आईला शेजाऱ्यांकडून कळलंच. संध्याकाळी तिने एवढंच विचारलं, की ते पातं चिमीचंच होतं का. हो म्हटल्यावर ताट वाढलं.

पातं ट्रकवर चढवून तुमच्याकडे रवाना केलंय. आता कोणाची परवानगी मागू नकोस, बिनधास्त काप.

आशीर्वाद आहेतच, ते दुप्पट समज.
तुझा दादा

२१ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुटलं, दादा.

या खेपेला आम्ही घाई केली नाही. बुडाचा जाड भाग टाकीत घातला, आच मंद ठेवली आणि आतलं आम्ल पंपाने सतत फिरतं ठेवलं. झाकण उघडलं तेव्हा वाफेने साहेबांचा चष्मा धुरकटला. ते सारखं विचारत होते की काय दिसतंय. मग आमच्या तंत्रज्ञ बाईंनी चिमट्याने वरचा थर उचलला. तो कापडासारखा अलगद आला. त्याखालचाही आला, अगदी गाभ्यापर्यंत. धागे धुऊन वाळवलेत, पुन्हा वापरता येतील असे. राळही आम्लातून वेगळी काढता आली.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी जमिनीवर बसून रडत होते. साहेबांना वाटलं, यशाचं रडू. ते नव्हतं. तुझं पत्र वाचल्यापासून दाबून ठेवलेलं रडू होतं ते. धागे हातात घेतले तेव्हा मनात एकच होतं: यांना माझा भाऊ बिलगला होता.

रजा मिळालीय, रविवारी येते. आईला सांग, चौकशी सावकाश कर. आधी मला पोटभर झोपायचंय.

लोभ ढिला पडू देऊ नकोस, आणि हेल्मेटचा पट्टाही.
तुझी चिमी