मारिया नावाची कोणी बाई नसल्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
नगरपालिका कार्यालय,
सान ओनोफ्रे दे ला रिबेरा.

अर्जदार: एव्हरेट टेट्लो, वय ७६, सेवानिवृत्त मुख्याध्यापक. मूळ राहणार विनिपेग, कॅनडा. हल्ली मुक्काम खालची आळी, तळ्याकाठी, सान ओनोफ्रे.

विषय: श्रीमती ओतिलिया बेनाविदेस रुआनो आणि शहरातील रुग्णालयाच्या कागदावरील 'मारिया, आडनाव माहीत नाही' या दोन बायका नसून एकच बाई असल्याचा दाखला मिळण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा याच विषयावरील मागील अर्ज. २) 'दोन्ही व्यक्तींनी आपापल्या ओळखपत्रांसह समक्ष हजर राहावे' असे आपल्या कार्यालयाचे त्यावरील उत्तर.

महोदया,

१. अर्जदार निवृत्तीनंतर पत्नीसह आपल्या गावी येऊन राहिला, त्यास आता दहा वर्षे होत आली. सुखाने म्हातारे व्हायला आलेल्या आमच्यासारख्या परदेशी मंडळींचे दिवस कसे जातात, हे आपणांस आपल्या खिडकीतून दिसतच असेल. सकाळी धक्क्यावर फेरी, मग आमच्या वाचनालयात कॉफी, बुधवारी आठवडी बाजार, शुक्रवारी पत्ते. तळ्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पाणपक्ष्यांची नावे अर्जदारास पाठ आहेत. गल्लीतील प्रत्येक कुत्र्यास तो नावाने हाक मारतो. नोकरीत असताना शाळेतल्या प्रत्येक मुलाचे नाव त्यास पहिल्या आठवड्यातच पाठ होत असे आणि निरोपसमारंभात सर्व वक्त्यांनी त्याच गोष्टीचा गौरव केला. आज ही बाब नमूद करताना अर्जदाराची मान खाली जाते. परंतु पुढील मजकूर समजण्यास ती आवश्यक असल्याने लिहिणे भाग आहे.

२. अर्जदाराच्या घरी नऊ वर्षे एक बाई स्वयंपाक व घरकामास येत असे. रविवार सोडून रोज. अर्जदार बागेतून आत येई तेव्हा हिरव्या रशातली मक्याची न्याहारी मेजावर वाफाळत असे. त्याच्या गोळ्या कोणत्या, चष्मा कुठे विसरला आहे, वायव्येचा वारा सुटला की कोणता गुडघा दुखतो, हे तिला न सांगता कळे. अर्जदाराची पत्नी विनिफ्रेड शेवटचे काही महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचे केस याच बाईने धुतले, वेणीही हिनेच घातली. शेवटच्या दिवशी तिचे डोळेही हिनेच मिटले, कारण अर्जदाराचा हात धजावला नाही. या बाईस अर्जदार 'मारिया' म्हणत असे.

३. गेल्या ऑगस्टमध्ये एका मंगळवारी सकाळी अर्जदार आत आला तेव्हा चुलीवर घेवडा करपत होता आणि बाई मोरीपाशी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. डोळे उघडे होते. तोंड एका बाजूस वाकडे झाले होते आणि उजवा हात मांडीवर परक्याचा ठेवल्यासारखा पडला होता. अर्जदाराने रुग्णवाहिका बोलावली व तिच्यासोबत शहरातील रुग्णालयात गेला. येथवर त्याच्याकडून कसूर झाली नाही, असे त्यास वाटते. पुढे खिडकीवरील कर्मचाऱ्याने विचारले, "बाईंचं नाव?" अर्जदाराने सांगितले, "मारिया." "आडनाव?" अर्जदाराने पुन्हा "मारिया" एवढेच सांगितले. "वय?" अर्जदाराने अंदाजे सांगितले. "राहायला कुठे?" अर्जदार म्हणाला, "वर, डोंगराकडच्या वस्तीत." "वस्तीत कुठे?" हे अर्जदारास ठाऊक नव्हते. तो तिच्या घरी कधी गेला नव्हता. ती चालत येई आणि चालत जाई, एवढेच त्यास माहीत. कर्मचाऱ्याने मान वर करून एकवार पाहिले आणि 'मारिया, आडनाव माहीत नाही' असे लिहून घेतले. त्यावेळी शेजारी चाकाच्या खाटेवर पडलेल्या बाईने डाव्या हाताने अर्जदाराची बाही दोनदा ओढली. तिला वेदना होत असाव्यात असे समजून अर्जदाराने तिचा हात थोपटला.

४. तिचा मोबाईल अर्जदाराच्या स्वयंपाकघरात एप्रनच्या खिशात राहिला होता. अर्जदार रात्री परतला तोवर तो बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी तिच्या माणसांना कळवावे म्हणून अर्जदार पायी डोंगराकडच्या वस्तीत गेला. ज्या वाटेने ती नऊ वर्षे आली-गेली, ती वाट अर्जदार प्रथमच चढला आणि तीन वेळा दम खायला बसला. वर पोचून त्याने विचारले, "मारिया कुठे राहते?" दुकानदार हसला. "कुठली मारिया, साहेब? इथे दगड मारला तर तो एका मारियालाच लागेल." लोकांनी मदत मात्र मनापासून केली. एका दारातून दुसऱ्या दारी नेले. शिवणकाम करणारी मारिया आली, कोंबड्यांवाली मारिया आली, कडेवर मूल घेतलेली आली. प्रत्येकीने एप्रनला हात पुसून विचारले, "काय काम होतं?" आणि प्रत्येकीला अर्जदार म्हणाला, "माफ करा, तुम्ही नव्हे." निळ्या दाराच्या एका घरात एक लहान मुलगी एकटीच होती. तिने दार अर्धे उघडून सांगितले, "इथे मारिया नाही. आजी आहे, पण ती कालपासून घरी आली नाही." अर्जदाराने तिचे आभार मानले आणि तो पुढच्या दाराकडे वळला.

महोदया, अर्जदारास तिचे नाव ठाऊक नव्हते हा एक भाग. परंतु कालपासून घरी न आलेल्या आजीबद्दल ऐकून त्याच्या डोक्यात काहीच उजेड पडला नाही, कारण जिला तो शोधत होता ती कोणाची आजी असेल हे त्याच्या मनातही आले नव्हते.

५. बाईची कन्या ग्रिसेल्दा ही आदल्या सायंकाळी अर्जदाराच्या फाटकाशी येऊन कुलूप पाहून गेली होती. रुग्णवाहिका कोणीतरी पाहिल्याचे कळताच ती शहरात धावली. तिने प्रत्येक रुग्णालयात 'ओतिलिया बेनाविदेस' विचारले आणि प्रत्येक खिडकीवर "नाही" ऐकले. ज्या रुग्णालयात तिची आई होती तेथेही तेच ऐकले, आणि ती शवागारातही पाहून आली. तिसऱ्या दिवशी तिला एकदम आठवले. परत त्याच खिडकीवर जाऊन तिने विचारले, "मारिया आहे का? आडनाव नसलेली?" तिला लगेच आत सोडले. या सर्व काळात तिची आई शुद्धीवर होती व तिला बोलता येत नव्हते. जो येई तो तिला मारिया म्हणून हाक मारी.

६. अर्जदार व ती रुग्णालयात प्रथम भेटले. ग्रिसेल्दा ही तारांच्या कारखान्यात काम करते. आवाज चढवणारी नाही. अर्जदाराने तिला विचारले की, तिच्या आईने त्यास आपले नाव कधी सांगितले कसे नाही. तिने सांगितले ते जसेच्या तसे देत आहे: "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, साहेब. तुम्ही 'हो, हो, मारिया' म्हणालात. तुमच्याकडे आधी कामाला होती ती मारिया. आई घरी येऊन हसली. म्हणाली, नाव म्हणजे एप्रन आहे, त्यांच्याकडे घालायचं, घरी आलं की खुंटीला लावायचं." अर्जदार म्हणाला की, निदान माझ्या पत्नीने तरी मला सांगायला हवे होते. त्यावर ती म्हणाली, "बाईंना माहीत होतं. त्या ओतिलियाच म्हणायच्या, तुम्ही घरात नसलात की. आई एकदा म्हणाली, साहेबांना सांगू या का? तर बाई म्हणाल्या, नको गं, इतक्या वर्षांनी कळलं तर बिचारा ओशाळेल."

अर्जदाराच्या घरात दोन स्त्रिया वर्षानुवर्षे एकमेकींना खऱ्या नावाने हाका मारत होत्या आणि त्याची पावले वाजली की थांबत होत्या, ही माहिती त्यास पत्नी गेल्यानंतर सहाव्या वर्षी रुग्णालयाच्या जिन्यात मिळाली.

७. आता मूळ अडचण. श्रीमती ओतिलिया घरी आल्या आहेत. उजवा हात व वाचा गेलेली आहे. गावातील आरोग्य केंद्रात हाताचे व वाचेचे व्यायाम करून घेतात, परंतु ते लवकर सुरू झाले तरच उपयोग होतो, असे तेथील बाई सांगतात. केंद्राचे म्हणणे असे की, पक्षाघाताचा झटका मारियास आला असून ओतिलिया यांना काही झाल्याचा कागद नाही. रुग्णालयाचे म्हणणे असे की, नगरपालिकेचा दाखला आणा, नाव बदलतो. अर्जदाराने खासगी उपचारांची तयारी दाखवली असता ग्रिसेल्दा म्हणाली, "पैसे राहू देत. तुम्ही घेतलंय ते नाव परत आणून द्या."

८. आपल्या उत्तरानुसार या महिन्याच्या दिनांक ४ रोजी श्रीमती ओतिलिया यांना चाकाच्या खुर्चीतून आपल्या कार्यालयात आणले. तेथे काय झाले याचा अहवाल आपल्यापर्यंत आला असेल, परंतु तो अपुरा असण्याचा संभव आहे. खिडकीवरील तरुण कर्मचाऱ्याने अत्यंत आदराने विचारले, "आजी, तुमचं नाव सांगा." त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठल्या. आणि तोंडातून स्पष्ट शब्द आला: "मारिया." ग्रिसेल्दाने कपाळावर हात मारला. "अहो, ती प्रार्थना म्हणतेय! तिला आता तेवढंच म्हणता येतं. डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं तेवढं उरतं." आणि खरोखरच श्रीमती ओतिलिया यांनी 'नमो मारिया' ही प्रार्थना न अडखळता पुढे सुरू केली. रांगेतील बायकांनी सवयीने पुढची ओळ उचलली. पाणीपट्टी भरायला आलेल्या पुरुषांनी टोप्या काढल्या. कर्मचारीही उभा राहिला. सर्वांचे 'आमेन' झाल्यावर त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, खाली बसला, आणि 'नाव: मारिया (व्यक्तीने स्वतः सांगितले)' असे लिहिले. अर्जदार त्यास दोष देत नाही. ते नाव प्रथम तोंडातून काढणारा अर्जदारच होय.

त्या वेळी श्रीमती ओतिलिया यांनी अर्जदाराकडे पाहिले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर थोपटले. रुग्णालयात अर्जदाराने त्यांना थोपटले होते, तसे.

९. आपल्या कार्यालयाने आता मारिया हिचा जन्मदाखला मागितला आहे. तो देता येत नाही. ती जन्मली नाही. ती अर्जदाराच्या आळसातून निर्माण झालेली असून त्याच्या घराबाहेर तिचे कोठेही वास्तव्य नव्हते. तरी अर्जदार शपथेवर लिहून देण्यास तयार आहे की, सदर मारिया अस्तित्वात नव्हती व नाही, तिने त्याची न्याहारी कधी केली नाही, त्याच्या पत्नीचे डोळे मिटले नाहीत. ते सर्व ओतिलिया बेनाविदेस रुआनो यांनी केले. सरकारी कागदावर खोटी माहिती दिल्याबद्दल जी शिक्षा असेल ती अर्जदारास द्यावी. परदेशी वृद्ध म्हणून सवलत देऊ नये.

१०. कन्येचा जबाब ग्राह्य का धरत नाही, असे विचारता आपल्या कार्यालयाने कळविले की, कागदावर आधीच एका कुटुंबीयाची सही आहे आणि त्याच्या सांगण्याविरुद्ध जाता येत नाही. तो कुटुंबीय कोण, हे अर्जदाराने कागद मागवून पाहिले. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात 'कुटुंबीय' असे लिहिले असून खाली सही अर्जदाराची आहे. त्यास आता आठवते. कर्मचाऱ्याने विचारले होते, "तुम्ही यांचे कोण?" आणि अर्जदार म्हणाला होता, "अहो, ती आमच्या घरच्यासारखीच आहे." हे वाक्य आम्ही मंडळी पत्त्यांच्या डावावर आपापल्या कामवालीबद्दल नेहमी बोलतो. बोलताना बरे वाटते.

तरी विनंती की, ती नोंद रद्द करावी, अर्जदाराचा शब्द कन्येच्या शब्दापुढे कवडीमोल धरावा आणि दाखला तिच्या सहीने आजच द्यावा. त्या रकान्यात अर्जदाराबद्दल काय लिहावे, हे त्याने सुचवणे योग्य नाही. श्रीमती ओतिलिया यांना बोलता येऊ लागेल तेव्हा त्यांनाच विचारावे, आणि त्या सांगतील तेच लिहावे. तोवर तो रकाना कोरा ठेवावा.

कळावे. आपल्यापुढे मान खाली घालून उभा असलेला,

(सही)
एव्हरेट टेट्लो
सान ओनोफ्रे, दि. ११ नोव्हेंबर

सोबत:
१) रुग्णालयाच्या कागदाची प्रत.
२) ग्रिसेल्दा यांचा जन्मदाखला, आईच्या नावासह.
३) अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र.
४) ओळख पटविण्यासाठी मागितलेले छायाचित्र. हे अर्जदाराच्या पत्नीच्या वाढदिवसाचे आहे. उजव्या कडेला केकचे ताट धरलेला जो हात दिसतो, तो श्रीमती ओतिलिया यांचा. अर्जदाराच्या घरात नऊ वर्षांत त्यांचे याहून अधिक चित्र निघालेले नाही.