आतल्या खोलीचं दार

२८ डिसेंबर १९९०

पोचलो एकदाचे! रियाधच्या विमानतळावर काचेपलीकडे उभे असलेले हे मला पटकन ओळखूच आले नाहीत. दाढी राखलीय आणि अंगानं चांगलेच भरलेत. अदिबा माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली. मागच्या सुटीत तिनं बापाला पाहिलं तेव्हा ती जेमतेम बोलायला लागली होती. गाडीत ह्यांनी खजुरांचा डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला, तेव्हा कुठे हळूच "अब्बा" म्हणाली. हे रस्ताभर एकटेच हसत होते.

म्हसळ्यात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. लोक तिकडून पळून येतायत आणि सफूरा पोरीला घेऊन निघाली! पण व्हिसाची मुदत संपत आली होती. तो हातचा गेला असता तर पुन्हा कधी मिळाला असता, कोण जाणे. हे म्हणतात लढाई झालीच तर तिकडे कुवेतच्या बाजूला होईल, आपण राहणार त्या अल खर्जला तिचा आवाजही यायचा नाही.

घर गावाबाहेर, डेअरीच्या रस्त्यावर आहे. हे डेअरीत दूध थंड करायच्या मशिनी सांभाळतात, म्हणून कंपनीनं दिलंय. दिवाणखाना, आतली खोली, स्वयंपाकघर. उंच कंपाउंडच्या आत एक लिंबाचं झाड. घर अगदी रिकामं आहे, दोन गाद्या नि एक गालिचा सोडला तर काही नाही. अदिबा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाका मारत सुटलीय, हाक घुमली की खिदळते. शेजारचं घर बंद आहे. ते लोक गेल्याच आठवड्यात मुलुखाला गेले.

३१ डिसेंबर

काल फर्निचर घ्यायला रियाधला गेलो. दुकान जुन्या सामानाचं, पण सामान पाहिलं तर नव्यासारखं. लोक घरं सोडून जातायत, जाताना सगळं विकून जातायत. दुकानदार जलालभाई हैदराबादचे, दुकानामागेच राहतात. त्यांच्या बायकोनं मला आत नेऊन चहा दिला. त्यांची धाकटी अदिबाच्याच वयाची, दोघी एका सोफ्यावर उड्या मारत होत्या.

आम्ही तीन दारांचं शिसवी रंगाचं कपाट घेतलं, पलंग घेतला आणि अदिबाला एक छोटं टेबल. माझ्या आयुष्यातलं पहिलं माझं स्वतःचं कपाट! जलालभाईंनी घराची तयारी कशी करायची ते नीट समजावून सांगितलं. हे कपाट सुटं होत नाही, तेव्हा आतल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून ठेवावं लागेल. गालिचा गुंडाळायचा, वाटेतल्या चपला-बादल्या हलवायच्या, कोपऱ्यावर जुनी चादर ठेवायची म्हणजे भिंत खरवडत नाही. "पहले रास्ता बनाओ बेटी, सामान अपने आप आ जाता है," असं म्हणाले. माणूस फार मायाळू.

५ जानेवारी १९९१

दोन दिवस तयारीतच गेले. शिवणाच्या टेपनं सगळ्या चौकटी मोजल्या. कपाट उभं कुठे राहील, पलंग कुठे येईल, ते आतल्या खोलीत फरशीवर खडूनं आखून ठेवलं. अदिबा खडूच्या पलंगावर जाऊन झोपते आणि मला म्हणते, अम्मी, दिवा मालव.

संध्याकाळी जलालभाईंचा फोन आला. ट्रक मिळत नाहीये, सगळे ट्रक लष्करानं उत्तरेला नेलेत. पुढच्या आठवड्यात नक्की, म्हणाले. अदिबा कशी आहे, त्यांची धाकटी तिची आठवण काढते, असंही सांगितलं.

१२ जानेवारी

ट्रक नाहीच. विमानं इतकी खालून जातात की बशीतला चमचा वाजतो. डेअरीतली निम्मी माणसं निघून गेली, त्यामुळे हे कधी येतील, कधी जातील, काही नेम नाही. आपणही जाऊ या, असं मी म्हटलं. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे डेअरीच्या मालकाकडे आहेत, आणि गाईंना लढाई कळत नाही, दूध रोज काढावंच लागतं, असं म्हणून हे तसेच बूट घालून झोपले.

१७ जानेवारी

सुरू झाली. पहाटे रेडिओवर ऐकलं.

विषारी वायूचा बॉम्ब पडेल अशी सगळ्यांना धास्ती आहे. ह्यांनी घाईघाईनं आतली खोली बंद करून दिली. खिडकीवर प्लास्टिक, कडेनं चिकटपट्टी. भोंगा वाजला की आत जायचं, दाराच्या फटींवर आतून पट्टी लावायची, खाली ओला टॉवेल सारायचा. कपाटासाठी मोकळी केलेली खोली अशी कामी आली. खडूच्या रेघा अजून तशाच आहेत.

दुपारी ह्यांना डेअरीतून बोलावणं आलं. आता तिथंच राहावं लागेल. कंपनीचा ड्रायव्हर कादिर, आपल्या मुरूडचा आहे, तो अधूनमधून येऊन सामान देऊन जाईल. जाताना हे अदिबाला कितीतरी वेळ उचलून उभे होते.

२१ जानेवारी

काल भोंगा वाजला. पोरीला ओढत आत नेलं, घाईत पट्टी बोटांनाच चिकटत होती. लांब कुठेतरी धप्प झालं. प्लास्टिक आत फुगलं नि परत खिडकीला बसलं. बस, एवढंच.

२२ जानेवारी

आज जलालभाईंचा फोन. मला इतकं बरं वाटलं! आवाज मात्र तोंडावर फडकं धरल्यासारखा येत होता. आतल्या खोलीचं दार काढून ठेवा, म्हणाले. मी म्हटलं, भाईजान, अशा दिवसांत कपाट कशाला, मागाहून पाठवा. त्यांनी ऐकलंच नाही. पुन्हा तेच. "दरवाजा निकाल के रखो, बेटी." मी बोलतच होते, फोन बंद झाला.

२३ जानेवारी

पुन्हा फोन. खिडकीवरचं प्लास्टिक काढा, म्हणाले. मुलीला त्या खोलीत बसवू नका.

प्लास्टिकचं मी त्यांना सांगितलेलं नाही. कोणी सांगितलं, म्हणून विचारलं तर नुसता श्वास. मग मी म्हटलं, भाभींना द्या फोन. त्यावर म्हणाले, "सो रही है. सब सो रहे हैं."

भर दुपारी?

२४ जानेवारी

कादिर आला. रोटी, दूध आणि एक शेगडी नि कोळशाचं पोतं. विजेचा हीटर परवा जळला, मुलगी गारठते, म्हणून ह्यांनी पाठवलं. मी कादिरला म्हटलं, रियाधला गेलास तर जलालभाईंना सांग, कपाटाची घाई नाही.

त्यानं पोतं खाली ठेवलं. "भाभी, तुम्हाला नाही कळलं?"

जलालभाई, त्यांची बायको, मुलं, सगळी गेली. पहिला भोंगा झाला त्याच रात्री. आतल्या खोलीत पट्ट्या लावून बसली होती. सकाळी दुकान उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी दार फोडलं. अंगावर कुठे ओरखडासुद्धा नाही, झोपल्यासारखी पडलेली. लोक म्हणतात, वायूच आत शिरला असणार, पट्टी कुठेतरी सुटली असणार. माती देऊन झाली.

मी म्हटलं, काल त्यांचा फोन आला होता.

कादिरनं पोतं शेगडीशेजारी सरकवलं. लढाईत लाइनी एकात एक मिसळतात, म्हणाला. चहा न घेता गेला.

फोनची वायर भिंतीतून उपटून टाकली.

२५ जानेवारी

सकाळी कपडे वाळत घालायला अंगणात गेले होते. अदिबा दिवाणखान्यात खेळत होती. परत आले—

आतल्या खोलीचं दार काढलेलं. भिंतीला टेकवून ठेवलेलं. बिजागऱ्यांचे स्क्रू एका बशीत गोळा केलेले. गालिचा गुंडाळलेला. माझ्या चपला, बादली, सगळं बाजूला. घराच्या दारापासून आतल्या खोलीपर्यंत मोकळी वाट. खिडकीवरचं प्लास्टिक घडी घालून खाली ठेवलेलं.

अंगणातून घरात यायला एकच दार आहे. मी त्याच्या समोरच उभी होते.

अदिबाला विचारलं, कोणी केलं. ती म्हणाली, कपाटवाल्या चाचांनी. काय म्हणाले? "म्हणाले, सामान आत नाही आणायचं. बाहेर न्यायचंय."

बाहेर काय न्यायचंय? काय?

पोरीला पोटाशी धरलं. मग वायर पुन्हा लावली, डेअरीत फोन केला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. वायर पुन्हा काढली.

एकटीनं दार उचलून बसवलं. नखं निघाली. सगळे स्क्रू घट्ट पिळले. नवीन प्लास्टिक, पट्टीवर पट्टी, दोन-दोन थर. माझी पोर मी नेऊ देणार नाही.

२६ जानेवारी

दिवसभर काही नाही. कादिर आला नाही. थंडी फार. शेगडी पेटवून ठेवलीय.

संध्याकाळी मगरीबची अजान झाली आणि लगेच भोंगा. शेगडी तशीच आत घेतली. पट्ट्या लावल्या. दाराला आतून म्हसळ्याहून आणलेली ट्रंक लावली, ट्रंकेवर गाद्यांची वळकटी. आता कोणी यायचं नाही.

झोप लागू नये म्हणून लिहितेय.

—

बाहेर कोणीतरी चालतंय. एक नाही, दोघं-तिघं असावेत. जड काही उचलून आणताना माणसं चालतात तशी पावलं.

दाराशी थांबली.

—

"बेटी, दरवाजा." अगदी शांत. ओरडत नाहीत. मी बोलत नाही. कुराणातली आयतल कुर्सी म्हणतेय, मधेच शब्द हरवतात. रोजचे शब्द.

अदिबा झोपली. बरं झालं. गाल किती लाल झालेत तिचे, छान दिसतेय. कोळसे पण लालच.

डोकं ठणकतंय.

—

आता बाईचा आवाज. भाभींचा. "बच्ची को उठाओ." पुन्हा पुन्हा तेच.

नाही उठवणार. तुम्ही न्याल तिला.

—

ओकारी आली. टॉवेलवरच. वास कसलाच नाही. वायूला वास असतो म्हणाले होते ना हे. मग कसला—

पट्ट्या सगळ्या जागेवर आहेत. हात फिरवून पाहिला. कुठेही सुटलेली नाही.

त्यांची पण सुटली नसेल.

—

आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात. माझ्या वेळी पण होती. आई दार किलकिलं ठेवायची. मी म्हणायचे थंडी वाजते, तरी ती लावू द्यायची नाही. कधीच—

या अल्ला.

वायू नव्हता. त्यांच्या खोलीत पण शेगडी—

—

अदिबा उठत नाही. हलवते, मान नुसती पडते. श्वास आहे. आहे.

पाणी टाकलं कोळशांवर. धूर. पाय उचलत नाहीत. सरपटत दाराशी आले. वही हातातच आहे, का ते कळत नाही. लिहितेय तोवर जागी आहे मी.

—

वळकटी ढकलली. ट्रंक हलत नाही. पट्टी दातांनी फाडली, एक थर, खाली अजून एक. भाईजान, मी आत आहे. पोरीला न्या. पोरीला आधी बाहेर—

बिजागरी करकरतेय. तिकडून खेचतायत. मी इकडून रेटते. स्क्रू एक पडला, दुसरा

अदिबाचा हात माझ्या हातात. गार हवा, फटीतून, थोडी—

ट्रंक मधे. अजून थोडं. दार उघडतंय—