मागेल त्याला

ता. ६ मे १९३४, रविवार
माधव मुलांना पोचवून दुपारच्या गाडीने पुण्यास परत. सूनबाई आजारातून नुकती उठली आहे, म्हणून मुले तीन आठवडे माझ्याकडे. अंतू नऊ वर्षांचा, कुसुम सहाची. ट्रंकेत वरच इंदिरेची चिठ्ठी. "कुसुम अजून अधूनमधून अंथरूण ओले करते. कृपा करून तिला रागावू नये."

रागावण्याचा प्रश्नच नाही. वीस वर्षे मुलींचे बोर्डिंग चालविले. असल्या दोघीचौघी दरसाल येत. चारनंतर पाणी बंद, जेवताना दोन घोट. महिन्याभरात सुधारत.

उद्यापासून.

ता. ७, सोमवार
पाणपोई सुरू केली, यंदा जरा उशीरच. ह्यांच्या माघारी दर उन्हाळ्यात खाली ओट्यावर चार रांजण मांडते. पाणी द्यायला तानूबाई. सांगोल्याकडची आहे, दुष्काळात मेंढरे गेली तेव्हा इकडे आली. तिच्या हातचे पाणी पेठेतल्या काही जणांना चालत नाही. न चालो.

पाटीवरची अक्षरे मी पुन्हा गिरवली. "मागेल त्याला पाणी." कुसुमला त्यावरच वाचायला बसविले. एक काना चुकली नाही. हुशार आहे.

पाच वाजता पाणी मागू लागली. घड्याळापुढे उभी केली. लहान काटा कुठे, मोठा कुठे? बरोबर सांगितले. रडली नाही.

ता. ९, बुधवार
दोन्ही दिवस ओले. चादर तिनेच उचलायची आणि रस्त्याकडच्या कठड्यावर वाळत घालायची, असा नियम केला. समोरच्या विणकरांची पोरे खालून ओरडली, "कुसुम, तुमच्याकडंच पाऊस पडला व्हय गं?" ती हसली. हसण्यासारखे काय आहे म्हणून मी रागावले.

ऊन भयंकर. गच्चीत पाय ठरत नाही.

ता. १३, रविवार
सलग चार दिवस कोरडे. इंदिरेस पत्र टाकले. "तुझ्या लाडाने तीन वर्षांत जे झाले नाही ते इथे आठवड्यात झाले." वाक्य कडक आहे, पण खरे आहे.

अंतूही हल्ली चारनंतर पाणी पीत नाही. "मला तहान नाही, आजी." एकाला वळण लागले की दुसऱ्याला लागते.

ता. १५, मंगळवार
लिहू नये असे वाटते. म्हणूनच लिहिते.

आज बाजाराचा दिवस. पाच-साडेपाचला ओट्यापाशी गर्दी. वरून पाहते तो दोन हमाल, एक गाडीवान, आणि त्यांच्या मागे अंतूचा पंचा डोक्यावरून घेतलेले एक लहान मूल. चप्पल कुसुमची.

खाली गेले. तोवर तिचा नंबर आला होता. ओंजळ पुढे केलेली, तानूबाई वरून धार धरते आहे. तिने मला पाहिले, ओंजळ उघडली, सगळे पाणी खाली सोडून दिले.

"मी प्याले नाही, आजी."

हनुवटीवरून पाणी ओघळत होते.

गाडीवान म्हणाला, "प्यू द्या की बाई लेकराला. ऊन किती हाय." मी त्याच्याकडे पाहिले नाही. तानूबाईला म्हटले, "हिला द्यायचे नाही." इतक्या माणसांसमोर, त्या पाटीखाली उभी राहून मी हे म्हटले. आवाज वर्गातला होता.

तानूबाईने झारी खाली ठेवली. "ते मला जमायचं न्हाय, बाई. हितं मी कुणाला न्हाय म्हनत न्हाय. तुमीच तर बसवलंय मला."

"किती दिवस येते आहे ही?"

"पैल्या दिसापासनं. रोज येती. म्हनली, पाटीवर लिवलंय, मागेल त्याला. मला कुटं वाचाया येतंय? म्हनलं, लिवलं आसंल तर घे."

कुसुमला हाताला धरून वर आणले. हात ओला होता.

ता. १६, बुधवार
तानूबाई आली नाही. ओटा रिकामा. लोक येतात, पाटी बघतात, जातात.

पहिल्या दिवसापासून. म्हणजे ते चार कोरडे दिवससुद्धा ती पोटभर प्यायली होती. माझ्या शिस्तीचा आणि चादरीचा काही संबंधच नव्हता. इंदिरेला पत्र मिळाले असेल.

मुलांना समोर बसवून सांगितले, नियम रद्द, हवे तेव्हा प्या. अंतू तडक माठाकडे गेला. दोन पेले प्याला. त्याला आठ दिवस तहान नव्हती असे नव्हे. बहिणीला नाही म्हणून त्यालाही नको होते. कुसुम म्हणाली, "हो, आजी." जागची हलली नाही.

ता. १७, गुरुवार
कुसुम सकाळी पिते, दुपारी पिते. चारनंतर नाही. पेला पुढे केला की हात मागे घेते. "नको. मला नाही तहान." ओठ सुकलेले दिसतात. जबरदस्ती करू? कोणत्या तोंडाने?

बोर्डिंगातल्या मुली दिवसभर डोळ्यांपुढे. विहीर आवाराबाहेर, फाटकाला कुलूप. त्या कुठे जात होत्या? एक गोदी आठवते. शेवाळलेल्या हौदाशी सापडली म्हणून मी तिला आठवडाभर सर्वांपासून वेगळी बसविली. तिला तहान लागली होती का, हे कोणी विचारले नाही. मी विचारले नाही. "महिन्याभरात सुधारत" असे परवा इथेच लिहिले आहे. खोडत नाही. राहू दे.

ता. १९, शनिवार
तानूबाईच्या खोपटात गेले. बसायला पोते दिले, आधी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. प्याले. माझी चूक झाली, असे म्हटले. शब्द जड गेले, बोलायची सवय नाही.

"मी रुसले न्हाय, बाई. पन तुमचं आयकलं आसतं तर मला घास गिळला नसता." मग हसून, "उद्या येते. मातुर पाटी पुसू नगा हां. आता ती माझ्या कामाची हाय."

ता. २०, रविवार
तानूबाई आली. ओटा चालू. पोरे पुन्हा "पाऊस पडला का" करू लागली, तर तिने झारीतले पाणी शिंपडून त्यांना पळविले. "घ्या, तुमच्याकडंबी पडला."

कुसुम खिडकीतून पाहत होती. खाली गेली नाही. चादर आज ओली. ती स्वतःच उचलून कठड्याकडे निघाली, मी हातातून घेतली आणि मागल्या अंगणात घातली. ती माझ्यामागे आली, लांब उभी राहिली. विचारले, "आजी, इथे कोणाला दिसणार नाही?" नाही, म्हटले. "मग चालेल का?"

ता. २३, बुधवार
इंदिरेचे उत्तर. "आपल्यामुळे तिला वळण लागले, उपकार झाले. मला जमले नसते." चार ओळी. तीनदा वाचल्या. खरे काय ते लिहायला बसले, दोनदा फाडले. समोरच सांगेन म्हणजे पळवाटच. तरी समोरच.

ता. २६, शनिवार
उद्या सकाळच्या गाडीने माधव-इंदिरा येतात. फराळाचे झाले.

साडेपाचला कुसुम पायरीवर बसली होती. तिचा लहान तांब्या भरून नेला, तिच्याशेजारी बसले. गुडघे दुखतात, पायरीवर बसत नाही कधी. म्हटले, "पाणी हवे का गं?" विचारले, सांगितले नाही.

तिने तांब्याकडे पाहिले. मग मान वळवून आत भिंतीकडे पाहिले.

"आजी, चार वाजून गेले."

पाटी वाचायला मीच लावले. घड्याळही मीच.

तांब्या तिथेच ठेवून आत आले, फराळाचे डबे उगाच उघडले, झाकले. दिवेलागणीला बाहेर गेले तर पायरीवर कोणी नव्हते. तांब्या अर्धा. अंतूही तिथेच खेळत होता. कोण प्याले, विचारले नाही.

पुन्हा काठोकाठ भरून ठेवला आहे.