जास्तीची तार

ता. ३ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

आधी आला तो तुमच्या कंपनीतला चष्मेवाला. कोंबड्यांच्या मधोमध उभा राहून वहीतला पत्ता वाचत होता आणि कोंबडी हलली की वही छातीशी धरत होता. साहेब मागून आले. ते आधी शेजारणीकडे गेले होते. तिने त्यांना अर्धा तास बसवून घेतलं, पण हे घर ते नव्हे, हे काही सांगितलं नाही. वर मला म्हणते, मला वाटलं विम्याचे लोक असतील.

तू बनवलेली, ऊब मोजायची डबी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे तशीच आहे. तिची तार अंगणातून अंडी उबवायच्या खोलीत जाते, तीही तिथेच. साहेबांनी अंड्यांच्या पेटीत आपला काचेचा तापमापक ठेवला. तो म्हणाला साडेसदतीस, तुझी डबी म्हणाली साडेचाळीस. मग दोघे एकमेकांकडे असे बघायला लागले, जसे डॉक्टर बघतात. साहेब म्हणाले, पोरीचं सर्किट चुकतंय, महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर काम काढून घेऊ आणि तिला पॅकिंगला बसवू. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी अंडं मिटल्या पापणीला लावून ऊब बघतेय, आणि पापणीही साडेसदतीसच म्हणतेय. चष्मेवाल्याने विचारलं, पापणी किती अंशांनी चुकते. मी म्हटलं, विचारून सांगते.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. अंडी ठेवून आज आठवा दिवस, दिव्यासमोर धरली की आत लाल शिरा दिसतात. घरही मी झाडूनपुसून ठेवलं होतं. तुझ्या डबीच्या तीन तारांतल्या दोन लाल होत्या, दोन्ही एकाच जागी जाणाऱ्या, म्हणजे एक उगीचच. ती मागच्याच आठवड्यात दोन्हीकडून कापून काढली. डबीपाशी टोक उरलं ते उघडं बरं दिसेना, म्हणून शेजारच्या लाल तारेला पीळ घालून ठेवलं. काढलेली तार शेंगांच्या वेलाला बांधली. वेल काय चढलाय!

माया आहेच, पत्रही मायेनेच लिही.

तुझी आजी

ता. ७ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र एकदा वाचलं, आणि शेवटचा परिच्छेद उभ्याने चारदा वाचला. गेले चार दिवस मी सर्किटचा एकेक भाग बदलतेय. इथे टेबलावर ते अगदी बरोबर चालतं. साहेब येता-जाता पॅकिंगमधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

आजी, पेटीत जो सेन्सर आहे तो तापला की विजेला जास्त अडवतो. तो अडथळा मोजून डबी अंश सांगते. पण अंगणातली लांब तारही थोडं अडवतेच, आणि तेही त्यातच मोजलं जातं. तू धान्य मोजताना एका पारड्यात पिशवीभर धान्य ठेवतेस, तेव्हा दुसऱ्या पारड्यात तशीच रिकामी पिशवी टाकतेस ना? माझ्या सर्किटमध्येही असाच तराजू आहे. तू कापलीस ती तिसरी तार असते म्हणून दोन्ही पारड्यांत सारखी तार पडते आणि तारेचं वजन कटून जातं. ती दिसते जास्तीची, पण तिच्यावरच सगळं चालतं.

आता वेलाची तार सोडव आणि होती तशी जोड. दोन्ही टोकांना मी चिकटवलेले कागद अजून असतील. साहेबांना मी सांगेन की तार उंदराने कुरतडली. तुझं नाव मध्ये येणार नाही.

रागावलेली नाही. मुळीच.

तुझी ठकी

ता. १३ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

या घरात उंदीर नाही. तुझे आजोबा होते तेव्हाही नव्हता, आणि आता तुझ्या नोकरीसाठी मी आणणार नाही. शेजारणीच्या कानावर गेलं तर गावभर होईल. म्हणून मी साहेबांना सरळ लिहून टाकलं, की सर्किट पोरीचं बरोबर आहे, रिकामी पिशवी मी कापली. पिशवीचं त्यांना कळलं नसावं, पण कात्रीचं कळलं.

तार जोडली. पीळ उलगडताना बोटं दुखली, पण डबी लगेच साडेसदतीसवर आली. मी एक अंडं पापणीला लावून डबीसमोर तासभर उभी राहिले, दोघींचं एकदाही वाजलं नाही. वेलाला सुतळी दिलीय, तो रुसून बसलाय.

आज साहेबांचं उत्तर आलं. लिहितात, आजी, कात्री हाताशी ठेवा, ती तार माझ्यासमोर पुन्हा कापा, किती अंश चढतात ते मला मोजायचंय, आणि मग सर्किट आपण पक्कं करू. त्यांना तू पॅकिंगला नको आहेस, माझ्याकडे सोबत यायला हवी आहेस. खाली चष्मेवाल्याने बारीक अक्षरात विचारलंय, पापणीचं उत्तर मिळालं का.

जाडजूड चपला घालून ये, कोंबड्या टोचतात. माया होती तेवढीच आहे, मोजायची गरज नाही.

तुझी आजी

ता. क. गुरुवारी येतो म्हणालेत, सोळा तारखेला. अंड्यांचा तो एकविसावा दिवस, पिल्लं बाहेर पडायचा. त्यांना हे मी कळवलेलं नाही.